ऑपरेशन फुकट, मग पैसे देतं कोण?

प्रश्न : माझ्या भाच्याच्या मुलीचा ओठ जन्मतःच दुभंगलेला आहे, टाळूलाही फट आहे. ती दोन महिन्यांची झाली. शहरातलं एक धर्मादाय रुग्णालय म्हणतं, ‘ऑपरेशन मोफत करू, खर्च अमेरिकेतली एक संस्था देते.’ घरात दोन तट पडलेत. थोरली मंडळी म्हणतात, गोरे डॉक्टर येऊन पोरीवर प्रयोग करतील. माझा मुलगा न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो, मीसुद्धा देणगी देतो. हा पैसा येतो कसा? यात काही छक्केपंजे असतात का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : थोरल्या मंडळींना आधी हे सांगा, की पोरीला हात लावणारा डॉक्टर आपल्याच मुलखातला असण्याची शक्यता जास्त. संस्थेचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, पण या कामातलं मोठं नाव म्हणजे न्यूयॉर्कची ‘स्माईल ट्रेन’. 1999 साली ती सुरू झाली आणि 2000 पासून भारतात आहे. ती डॉक्टर पाठवत नाही. इथल्या रुग्णालयाशी करार करते, इथल्याच सर्जनला जादा प्रशिक्षण हवं असेल तर देते आणि ऑपरेशनमागे पैसे देते. 1982 साली निघालेल्या ‘ऑपरेशन स्माईल’ या संस्थेने सुरुवातीला दुसरी वाट धरली होती. परदेशातून पथक यायचं, शिबिर भरायचं, परत जायचं. पुढे त्यांनीही गुवाहाटीत कायमचं केंद्र उभारलं. मला विचाराल तर कायमचं केंद्रच बरं. शिबिरात घातलेले टाके उसवले तेव्हा डॉक्टर विमानात असले, तर आईने कुणाचं दार ठोठवायचं?

निवृत्त होईपर्यंत मी एका धर्मादाय रुग्णालयाचे हिशेब सांभाळले. आमचा निधी दुसऱ्या संस्थेचा होता, पण तऱ्हा हीच. प्रत्येक मुलाची एक फाईल असे. ऑपरेशनआधीचा फोटो, नंतरचा फोटो, वजन, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, संमतीपत्रावर आईबापाची सही नाहीतर अंगठा, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची नावं. हे सगळं पुरं झालं की मगच त्या केसचे पैसे. एकदा फोटो अंधुक आला म्हणून दावा परत आला होता. पोर रडून रडून लाल, फोटोग्राफर हातात खुळखुळा घेऊन उभा, आणि मी बाहेर बसून घड्याळाकडे बघतेय, कारण त्यांची शेवटची एसटी साडेपाचची.

पैशाची वाटही सरकारने आखून दिलेली आहे. परदेशी देणगी घ्यायची तर 2010 च्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन) कायद्याखाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, तिथून रुग्णालयाच्या गावच्या खात्यात येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी परदेशी रकमेच्या निम्म्यापर्यंत होती, ती 20 टक्क्यांवर आली. सगळ्यात मोठा फरक म्हणजे एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला वाटायला आता बंदी आहे. मुंबईतल्या मोठ्या ट्रस्टने रक्कम आणायची आणि तालुक्याच्या लहान ट्रस्टला द्यायची, हा मार्ग बुजला. लपवाछपवीला आळा बसला असेल, नाही असं नाही, पण नोंदणीचे सोपस्कार ज्यांना झेपत नाहीत अशी छोटी रुग्णालयं त्यात भरडली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून रुग्णालयात गेलात की ‘तुमच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का?’ असं सरळ विचारा. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मार्चअखेरपासून नऊ महिन्यांत स्वतःच्या किंवा सरकारने सांगितलेल्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. तोही बघायला मागा, बिचकू नका. ‘मोफत’ म्हणून वर भुलीचे वेगळे पैसे मागितले, तर पावती मागा. पावती म्हटल्यावर पुष्कळदा मागणीच विरते.

छक्केपंजे नसले तरी एक खोट असू शकते. ओठ शिवला, फोटो काढला, पैसे आले, संपलं! टाळूचं ऑपरेशन साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, पुढे बोलण्याचे धडे, दात, हिरडीचं हाड, असं हे वर्षानुवर्षं चालतं. करारात हे बसतं का, वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून कुठल्या वारी येतो, येण्याजाण्याचं भाडं कोण देतं, हे विचारून घ्या. ज्या आईची रोजाची मजुरी बुडते तिला मोफत ऑपरेशनही महागच पडतं.

ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन जुना ठोकताळा लावतात, दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, दहा हिमोग्लोबिन. तोवर टाळूच्या फटीमुळे तिला अंगावर ओढता येत नसेल, तर आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा, बाळाला उभं धरून. आणि सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून हे झालं, असं घरात कुणी पुटपुटत असेल, तर त्यांना माझं नाव सांगून गप्प करा.

सरकारचाही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 साली तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. दुभंगलेला ओठ-टाळू त्यात येतो. अंगणवाडीताईंना विचारा.

राहिला मुलगा. त्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रुग्णालयाला दिलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकी असेल, तर धरतात, मग तो आडनावाने कितीही परभणीकर असो! तिथल्या संस्थेला द्यायचं ठरवलं, तर तिचा कर-विवरणपत्र ‘फॉर्म 990’ सार्वजनिक असतो, तो वाचून द्यावं म्हणा.

प्रश्न : परदेशात पूर आला किंवा भूकंप झाला की आमचं मंडळ औषधं गोळा करून पाठवतं. आता एकजण म्हणतो, औषधं नकोत, पैसे पाठवा. पैसे कुठे जातात काय कळतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तो एकजण बरोबर आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली. बरीचशी तिथल्या यादीत न बसणारी, आणि कितीतरी खोक्यांवरची भाषा तिथल्या नर्सला वाचता न येणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे पोहोचताना औषधाची मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी. तुमच्या खोक्यांतल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्यांची तारीख बघा एकदा. तिथल्या रुग्णालयाला पैसे मिळाले, तर ते जवळच्या घाऊक बाजारातून तिथे वापरात असलेलं औषध घेतं, पावतीसह. पैसे पाठवताना बँकेकडून परकीय चलनाचे नियम आधी विचारून घ्या. मंडळाच्या खात्यातून परस्पर पाठवलेत, तर पुढच्या ऑडिटला तुमचे खजिनदार कपाळाला हात लावून बसतील.