वाचकांचे प्रश्न : तेलावर शुल्क वाढले, सोयाबीन का नाही वाढले?

प्रश्न (औसा, जि. लातूर) : सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलाचे आयात शुल्क वाढवले. तरी त्या हंगामात सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकावे लागले. असे का?

उत्तर : कारण वजनाने पाहिले तर सोयाबीन हे आधी पेंडीचे पीक आहे, मग तेलाचे. एक क्विंटल गाळले की तेल निघते साधारण १८ किलो, पेंड ८० किलोच्या पुढे. शुल्क वाढले ते तेलावर. कच्च्या तेलाचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले, उपकर-अधिभार धरून एकूण २७.५ टक्के. पेंडीला मात्र उठाव नव्हता. इथेनॉल कारखान्यांतला मका-तांदळाचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात येऊ लागला. परदेशी बाजारात ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त पडत होती.

हिशेब मांडून पाहा. तेल किलोमागे ११ रुपयांनी चढले तर क्विंटलमागे गिरणीला सुमारे २०० रुपये जादा मिळतात. पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली तर ४०० रुपये जातात. लातूरचा गिरणीवाला सौद्यात बोली लावतो ती हे दोन्ही धरून.

मे २०२५ अखेर कच्च्या तेलाचे एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरवले, रिफाइंडचे ३५.७५ टक्केच ठेवले. या फरकाने रिफायनरीला संरक्षण मिळाले, शेतकऱ्याला नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर असे करणे चूक होते. शुल्क निदान एका हंगामापुरते तरी स्थिर हवे आणि पेंडीच्या निर्यातीचा विचार त्याच निर्णयात व्हावा.

प्रश्न (परभणी) : अमेरिकेत कुटुंबाचा अन्नखर्च ११ टक्के, आपल्या खेड्यांत ४७. म्हणजे आपला शेतमाल महाग आहे का?

उत्तर : नाही. मुळात मापे वेगळी आहेत. अमेरिकेचा टक्का कर वजा जाता हाती राहणाऱ्या उत्पन्नाचा आहे, हॉटेलचे जेवण धरून. आपला २०२३-२४ च्या केंद्राच्या घरखर्च पाहणीतला टक्का एकूण घरखर्चाचा आहे. बचत त्यात येतच नाही, म्हणून तो आणखी मोठा दिसतो. खरा फरक उत्पन्नाचा. त्याच पाहणीत ग्रामीण माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता. एवढ्यात डाळ-तेल जरा चढले की घर कोलमडते, म्हणून सरकारने तूर बिनशुल्क येऊ दिली आणि त्याची किंमत आपल्या तूर उत्पादकाने मोजली. अमेरिकेतही ग्राहक अन्नावर खर्च करतो त्या १०० डॉलरमधले शेतकऱ्याला मिळतात १५-१६च.

प्रश्न (केज, जि. बीड) : खरेदी केंद्रावर सोयाबीनचे मॉइश्चर (ओलावा) १४ टक्के निघाले, माल परत आला. वाळवावा की आडतीत घालावा?

उत्तर : हमीभाव खरेदीची मर्यादा १२ टक्के आहे. १४ वरून १२ वर आणताना क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन घटते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने उरलेल्या मालाचे सुमारे ५,२०० होतात. आडतीत हमाली-तोलाई जाऊन एवढे पडत नसतील तर वाळवाच. ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर द्या, वरचेवर हलवा, संध्याकाळी झाका. चाळणी मारून माती-काडीकचरा २ टक्क्यांच्या आत आणा. कट्टे भरण्याआधी गावातल्या आडत्याकडे मॉइश्चर मोजून घ्या. नाहीतर टेम्पोचे भाडे दोनदा पडते. नोंदणीसाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद आहे ना, तेही आधीच पाहा. फार वाळवून मॉइश्चर ९ वर नेऊ नका, दाण्याची डाळ होते आणि वजनही फुकट जाते.