तारीख उलटलेली नोटीस आणि बिनपासवर्डचं वाय-फाय

कल्याणचे एक वाचक, वय ६३, निवृत्त, यांनी चार पानी पत्र पाठवलं आहे. त्यातली तीन पानं शेजाऱ्यांच्या कृतघ्नतेवर खर्ची पडली आहेत. कामाचा भाग एवढाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजल्यावरच्या मुलांची ऑनलाइन शाळा चालावी म्हणून यांनी राउटरचा पासवर्ड काढून टाकला. 'पाणपोई समजून', असं त्यांनीच लिहिलंय. शाळा पुन्हा भरल्या, मुलं कॉलेजात गेली, पासवर्ड मात्र परत लागला नाही. आता विदर्भातल्या एका सायबर पोलीस ठाण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन आली आहे. दीड वर्षापूर्वीच्या एका फसवणुकीच्या गुन्ह्यात वापरलेला आयपी अ‍ॅड्रेस तुमच्या कनेक्शनचा आहे, अमुक तारखेला हजर राहा. यांनी 'ओके सर' असं उत्तर दिलं. संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, हे डिजिटल अरेस्टवाले असणार. लगेच तो नंबर ब्लॉक. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनीच राउटर रीसेट करून नवा पासवर्ड घातला. हजर राहण्याची तारीख उलटून बारा दिवस झाले, आणि आता प्रश्न असे: दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यात मी दोषी कसा? शेजाऱ्यांवर केस करता येईल का? ज्येष्ठ नागरिक म्हणून पोलिसांनीच घरी यायला नको का?

अशी पत्रं अलीकडे वरचेवर येतात. गावं बदलतात, मजकूर तोच असतो. आणि प्रत्येकात एक प्रश्न हमखास राहून जातो, तो म्हणजे नोटीस कुठल्या कलमाखाली आहे?

तुम्ही जोडलेल्या फोटोत ते वरच्या ओळीत स्पष्ट दिसतं: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा सध्याचा कायदा), कलम ३५(३). पोलिसांना नुसती माहिती किंवा कागद हवे असते, तर कलम ९४ असतं. साक्षीदार म्हणून बोलवायचं असतं, तर १७९. कलम ३५(३) ची नोटीस निघते ती ज्याच्याविरुद्ध तक्रार, माहिती किंवा वाजवी संशय आहे त्याच्या नावाने. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४१-अ ते हेच. म्हणजे तुम्ही स्वतःला फसलेला भला माणूस समजत असलात, तरी पोलिसांच्या कागदावर आज तुम्ही संशयित आहात. याच कलमाची पुढची दोन पोटकलमं तुमचं भवितव्य ठरवतात. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात आणि राहत गेलात, तर पोटकलम ५ प्रमाणे अटक करता येत नाही. करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. हजर राहिला नाहीत, तर पोटकलम ६ प्रमाणे अटक करता येते. नोटीस म्हणजे एका अर्थी तुमचं कवच होतं, ते तुम्ही नंबर ब्लॉक करून बाजूला ठेवलंत.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, आणि तो चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २१ जानेवारी २०२५ रोजी सांगितलं की कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅप किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये. हरियाणा सरकारने हा आदेश बदलून मागितला, त्याच वर्षीच्या जुलैत न्यायालयाने ती मागणीही नाकारली. तेव्हा 'मला नोटीस कायदेशीररीत्या मिळालीच नाही' असं तुम्ही म्हणू शकता. पण हा युक्तिवाद ऐकायला समोर न्यायाधीश लागतो, आणि तुमच्या दारात आधी येणार ते पोलीस. शिवाय तुमचं ते 'ओके सर' त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. हा मुद्दा लागलाच तर जामिनाच्या अर्जात लिहायचा. घरी बसून राहायचं कारण म्हणून तो वापरू नका.

चिरंजीवांची शंका मात्र मूर्खपणाची नव्हती. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, आणि त्या नावाखाली रोज माणसं लुबाडली जातात. पण ते भामटे व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात आणि पैसे मागतात. तुम्हाला पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष बोलावलं होतं, पैशाचा उल्लेख नव्हता. शंका आली, तर पीडीएफमधल्या नंबरवर न बोलता पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या ठाण्याचा नंबर काढायचा, फोन करायचा आणि गुन्हा क्रमांक विचारायचा. दहा मिनिटांचं काम होतं.

ते आज करा. नोटीस खरी निघाली, तर आजच लेखी उत्तर पाठवा, स्पीड पोस्टने आणि ठाण्याच्या अधिकृत ई-मेलवर. त्यात लिहा की नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर अमुक दिवशी दिसली, खरेपणाची खात्री होत नव्हती म्हणून आलो नाही, तपासाला सहकार्य करायची तयारी आहे, या दोन तारखांपैकी एक द्यावी. बजावणीविषयीचा आक्षेप राखून ठेवत आहे, हेही एका वाक्यात घाला. कल्याणच्या ठाण्यात किंवा व्हिडिओवर जबाब घ्यावा अशी विनंती करून बघा. मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात आहे, फार आशा ठेवू नका.

वयाचं म्हणाल, तर साठीपुढच्या पुरुषाला राहत्या जागेबाहेर बोलवायचं नाही हा नियम कलम १७९ चा, साक्षीदारांसाठीचा. तुमची नोटीस त्या कलमाची नाही. कलम ३५(७) मध्ये साठीच्या वरच्यांना एक संरक्षण आहे, अटकेआधी उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण तेही तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं. तुमच्या नोटिशीत भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे फसवणूक, आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि आयटी कायद्याचं ६६-ड, त्याला तीन वर्षांपर्यंत. दोन्ही त्या मर्यादेत बसत नाहीत. ३१८(४) अजामीनपात्र आहे. अटकपूर्व जामिनासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज करावा का, हे गुन्ह्याचे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. नोटीस हातात असताना असा अर्ज न्यायालयाला नेहमी रुचतोच असं नाही.

'मी दोषी कसा' याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. वाय-फाय बिनपासवर्डचं ठेवणं हा गुन्हा, असं आयटी कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. फसवणुकीला फसवण्याचा हेतू लागतो. इंटरनेट कंपनीच्या करारात कनेक्शन घराबाहेर वाटू नये अशी अट बहुधा असते, पण ती मोडली तर तो करारभंग, फार तर कनेक्शन तुटेल. आयपी अ‍ॅड्रेसवरून कनेक्शन कळतं, माणूस कळत नाही. हे पोलिसांनाही चांगलं ठाऊक आहे आणि महाराष्ट्रातल्या पोलिसांना तर फार आधीपासून. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वाय-फायवरून गेला होता. पुढचे मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून. तिन्ही ठिकाणी मालक वेगळा, मेल पाठवणारा वेगळा. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी नेटवर्क शोधत फिरू लागले आणि दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वाय-फाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या. त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी लोक पासवर्ड काढून ठेवतात आणि मग वकिलाला पत्र लिहितात.

पण दोषी नसणं आणि ते दाखवता येणं, यात अंतर आहे, आणि तुमच्या बाबतीत ते चिरंजीवांनी वाढवलं. त्या वेळी कोणती उपकरणं जोडलेली होती, याची थोडीफार नोंद राउटरमध्ये असते. रीसेट केल्यावर ती जाते. घरगुती राउटरमध्ये दीड वर्षापूर्वीचं काही उरलं असण्याची शक्यता तशी कमीच. पण नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशी रीसेट, हे कागदावर फार वाईट दिसतं. पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम २३८ लावायचं, तर गुन्हेगाराला वाचवण्याचा हेतू दाखवावा लागेल आणि तो इथे दिसत नाही. तरी ही गोष्ट पोलिसांनी शोधण्याआधी तुम्ही स्वतः जबाबात सांगा: कोणी, कोणत्या दिवशी, का केलं. राउटर आता जसा आहे तसा ठेवा. विकू नका, बदलून आणू नका.

खरी नोंद कंपनीकडे आहे, आणि इथे दुसरी मुदत धावते आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून इंटरनेट कंपन्यांना वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं बंधनकारक केलं गेलं. तुमच्या घटनेला दीड वर्ष झालं. म्हणजे खात्रीचे जेमतेम सहा महिने उरले. त्यानंतर नोंदी असतील किंवा नसतीलही. पोलिसांनी कनेक्शनचा मालक कोण एवढंच विचारून थांबवलं असेल, तर बाकीचं कोणी मागितलेलं नाही असं धरून चला. लेखी उत्तरात विनंती करा की आयपी अ‍ॅड्रेस, पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ कळवावी, आणि त्या वेळेच्या सगळ्या नोंदी कंपनीकडून जतन करून घ्याव्यात. पोर्ट यासाठी की अनेक कंपन्या एकच आयपी एकाच वेळी बऱ्याच ग्राहकांना देतात. पोर्टशिवाय नुसता आयपी म्हणजे फ्लॅट नंबर नसलेला पत्ता. आणि वेळ भारतीय आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, हे नक्की विचारा. बँका, अ‍ॅप, परदेशी सर्व्हर यांच्या नोंदी पुष्कळदा यूटीसीमध्ये असतात, आपल्याकडची वेळ साडेपाच तास पुढे. ही बेरीज कोणी करायची विसरलं, तर ज्या रात्रीचं तुम्हाला विचारतायत ती वेळच तुमची नसेल. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्या रात्री सगळे झोपलो होतो. झोपेचा पुरावा नसतो, वेळेच्या नोंदीचा असतो.

पैसे ज्या खात्यात गेले ते तुमचं नाही, ज्या सिमवरून फोन झाले ते तुमचं नाही, हे तपासात निघालं की तुमच्यावरचा भर उतरायला हवा. किती दिवसांत, ते सांगू शकत नाही. फोन किंवा लॅपटॉप जप्त करणार असतील, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. पंचनाम्याची प्रत मागा, सही करण्याआधी वाचा. परत मिळवायला कलम ५०३ खाली अर्ज. मुद्देमाल पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलं आहे. तारखा तरीही पडतात. फोनमधलं सगळं लागणार असेल, तर आधी बॅकअप घ्या. काहीही पुसू नका.

राहिले शेजारी. त्यांच्यावर केस होणार नाही, निदान नेट वापरल्याबद्दल नाही. आयटी कायद्याचं कलम ४३ 'परवानगीशिवाय' वापरणाऱ्याला लागतं आणि परवानगी तुम्हीच दिली होती, साऱ्या मजल्याला. कलम ६६ ची शिक्षा लागायला तर त्याहून पुढे, अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. (सांगलीच्या ज्या विद्यार्थ्याने विचारलंय की खोलीत शेजारच्यांचं वाय-फाय आपोआप पकडतं, वापरलं तर चालेल का, त्यालाही हेच कलम. पासवर्ड नाही म्हणजे परवानगी आहे, असं मी तरी लिहून देणार नाही. दार वाजवून विचार.) दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांवर तुमचा संशय आहे, तुम्ही नावंही लिहिलीत. जबाबात ती अशी घेऊ नका. वाय-फाय उघडं होतं, कधीपासून, कोणाकोणाला माहीत होतं, त्या काळात कोणत्या फ्लॅटमध्ये कोण राहत होतं, एवढी माहिती द्या. निष्कर्ष पोलिसांना काढू द्या. खोटी माहिती दिल्याचा उलटा गुन्हा अंगावर घ्यायची ही वेळ नाही.

ठाण्यात एकटे जाऊ नका. आणि सोसायटीच्या कन्व्हेयन्सचं काम पाहणारे तुमचे वकील स्नेही 'मी येतो ना' म्हणाले, असं लिहिलंत. त्यांना घरी चहाला बोलवा. तिकडे फौजदारी बाजू रोज चालवणारा वकील न्या, आणि निघण्याआधी स्पीड पोस्टची पावती खिशात ठेवा.