आधी पाय मोजा, मग पंप उचला

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. निफाडजवळ आमची थोडी मोहरी आणि मुळा आहे. पेरणीला तीन आठवडे झाले आणि पानांची चाळण व्हायला लागली. अळ्या काळपट हिरव्या, अंगाला सुरकुत्या. हात लावला की गुंडाळी करून खाली पडतात आणि मातीत दिसेनाशा होतात. दुकानातून बीटी हे जैविक कीटकनाशक आणून दोनदा फवारलं, काडीचा फरक नाही. औषध बनावट निघालं का? अळीचे दोन फोटो पाठवतोय.
– शेतकरी वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : औषधाकडे नंतर येऊ, आधी अळी बघू. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती कुशीवर पडली आहे, त्यामुळे पाय मोजता येतात आणि निम्मं काम तिथेच झालं. डोक्यामागे सांधे असलेले टोकदार पाय आहेत, तीन जोड्या. ते पानं खाणाऱ्या बहुतेक अळ्यांना असतात. त्यांच्यामागे पोटाखाली मऊ, मांसल पाय आहेत ते मोजा. मला शेवटची जोडी धरून आठ जोड्या दिसतात. पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या अळीला पोटाखालच्या पायांच्या सहसा पाचच जोड्या असतात. उंटअळीला तर त्याहूनही कमी, म्हणून ती पाठीची कमान करून चालते. सहा किंवा त्याहून जास्त जोड्या दिसल्या की ती पतंगाची अळी नव्हे, करवती माशीची, म्हणजे सॉफ्लायची अळी समजा. तुमच्या शेतातली ही मोहरीवरची करवती माशी आहे, शास्त्रीय नाव अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा. मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी या एकाच कुळातल्या पिकांवर ती रब्बीत येते आणि कोवळी रोपं तिला सगळ्यात जास्त आवडतात.

पाय मोजताना मधली मोकळी जागाही बघा. पतंगाच्या अळीत खऱ्या पायांमागे पोटाचे दोन कप्पे बिनपायांचे असतात, मग चार जोड्या, पुन्हा मोकळी जागा आणि अगदी टोकाला शेवटची जोडी. करवती माशीच्या अळीत पुढे जेमतेम एक कप्पा मोकळा सुटतो आणि लगेच पायांची रांग लागते. दुसरी खूण रुमालाची. पतंगाच्या अळीच्या मांसल पायांच्या तळव्याला बारीक आकडे असतात, ते कापडात अडकतात आणि अळी ओढून काढावी लागते. करवती माशीच्या अळीला हे आकडे नसतात, रुमाल झटकला की ती पडते. पुस्तकात तिसरी खूण दिलेली असते ती डोळ्याची : करवती माशीच्या अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच डोळा, पतंगाच्या अळीला सहसा सहा-सहा बारीक ठिपके. खूण खरी आहे, पण तुमच्या या अळीचं डोकंच काळं कुळकुळीत असल्यामुळे त्यावर काळा डोळा शोधणं जिकिरीचं होतं. शेतात उभं राहून पाय मोजणंच बरं.

आता औषध. दुकानात मिळणारं नेहमीचं बीटी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या कुर्स्ताकी या प्रकाराचं असतं. त्यातलं प्रथिन पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या आतड्यात जाऊन काम करतं. करवती माशी मात्र मधमाशी, मुंगी आणि गांधीलमाशी यांच्या गणातली. तुमच्या अळीवर ते औषध चालणारच नव्हतं, अस्सल असलं तरी. म्हणून मी प्रत्येक बैठकीत सांगते की अळी ओळखल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. पैसा जातो, हातचे चार दिवस जातात, आणि तीन आठवड्यांच्या रोपाला चार दिवस फार होतात.

पुढे असं करा. या अळ्या सकाळ-संध्याकाळ खातात आणि उन्हात ढेकळांखाली दडतात. त्यामुळे ऊन चढायच्या आत शेतात जा. त्यांची पडायची सवय आपल्याच कामी येते : रोपाखाली घमेल्यात साबणाचं पाणी धरा आणि रोप हलकेच झटका. तुमचं क्षेत्र थोडं आहे, दोन माणसं लागली तर चांगला फरक पडेल. रोपं लहान असताना दिलेल्या पाण्यातही पुष्कळ अळ्या बुडून मरतात, तेव्हा पाण्याची पाळी लांबवू नका. कारल्याच्या बियांच्या तेलाचं पाण्यातलं मिश्रण फवारलं तर अळ्या पानाला तोंड लावत नाहीत. पीक निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करा, कारण कोष मातीत असतात आणि नांगरटीने ते वर येऊन उन्हाने आणि पाखरांनी संपतात. इतकं करूनही आवरलं नाही तर कृषी विज्ञान केंद्रात अळी दाखवून लेबलवर त्या पिकाचं नाव असलेलं औषध घ्या. मुळ्याचा पालाही लोक खातात. फवारणी आणि काढणी यांत लेबलवर सांगितलेलं अंतर पाळलंच पाहिजे, बाजारभाव कितीही चांगला असो.

प्रश्न : ताम्हिणीत फिरताना पानावर केशरी अंगाची, काळ्या डोक्याची, धुरकट पंखांची माशी दिसली. काही जण गांधीलमाशी म्हणाले आणि सगळे मागे सरले. फोटो जोडला आहे. ही चावते का?
– वाचक, पुणे

उत्तर : कंबर बघा. गांधीलमाशीची छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते. तुमच्या फोटोतल्या कीटकाचं पोट छातीला सरळ रुंद जोडलेलं आहे, कंबर नाहीच. घरमाशीच्या जातीची म्हणावी तर तिला पंखांची एकच जोडी असते, इथे मागच्या पंखाची कड स्पष्ट दिसते आहे. म्हणजे करवती माशीच. नांगी तिला नसते. मादीच्या पोटाच्या टोकाला दातेरी पातं असतं, त्याने ती पानाची कड किंवा कोवळा देठ चिरते आणि त्या चिरेत अंडं ठेवते. माणसाला त्यापासून काही भय नाही.

जात मात्र मी फोटोवरून सांगणार नाही. रंग मोहरीवरच्या माशीशी जुळतो, पण तेवढ्यावर नाव देणं मला पटत नाही. पुढच्या वेळी मिशांचा जवळून फोटो घ्या. अथालियाच्या मिशा आखूड, दहा-अकरा मण्यांच्या आणि टोकाकडे जाडसर असतात. मिशीत तीनच भाग दिसले आणि तिसरा भलताच लांब असला तर ती आर्जिडी नावाच्या वेगळ्या कुळातली. शिवाय ती कोणत्या झाडावर बसली होती ते लिहून ठेवा. बहुतेक करवती माशा ठरावीक झाडांवरच अंडी घालतात, त्यामुळे झाडाचं नाव कळलं की शोध निम्मा होतो.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. अंगणात मुगो पाइनची झुडपं आहेत. मे महिन्यात एका फांदीवर राखाडी-हिरव्या, काळ्या डोक्याच्या अळ्यांचा घोस दिसला. जवळ गेलं की सगळ्या एकाच वेळी अंग झटकून वर उचलतात. आईला ते बघून शिसारी आली. झुडपं काढून टाकावीत का?
– वाचक, अमेरिका

उत्तर : अजिबात काढू नका. तुम्ही सांगितलेलं वर्णन युरोपियन पाइन सॉफ्लायशी, म्हणजे निओडिप्रिऑन सर्टिफरशी तंतोतंत जुळतं. ही मूळची युरोपातली, आणि अमेरिकेत ती पहिल्यांदा सापडली तीच तुमच्या न्यू जर्सीत, १९२५ साली. सगळ्यांनी मिळून अंग झटकणं ही शत्रूला बिचकवायची रीत आहे. आईंना सांगा, त्या चावत नाहीत आणि अंगावर खाजरे केसही नाहीत.

झुडूप वाचतं याचं कारण या अळ्या पाइनच्या जुन्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, खातात. तिच्या अंड्यांनी हिवाळा सुयांमध्येच काढलेला असतो आणि वसंतात अळ्या बाहेर पडतात तेव्हा नव्या सुया अजून फुटायच्या असतात. फांदी बोडकी दिसते, पण टोकाची नवी पालवी राहते आणि झाड सावरतं. वर्षाला पिढीही एकच. हातमोजे घालून तो घोस साबणाच्या पाण्यात झटका, किंवा फांदीचा तेवढा तुकडा कापून टाका. घोसाने राहतात म्हणून काम दहा मिनिटांचं. बागेच्या दुकानात ‘सुरवंटांसाठी’ म्हणून बीटी पुढे करतील, ते घेऊ नका. कारण वर नाशिकच्या वाचकांना सांगितलं आहे. पानगळीनंतर सुयांवर पिवळसर ठिपक्यांची रांग दिसते का बघा. तीच अंडी. त्या सुया तेव्हाच काढल्यात तर पुढच्या मे महिन्यातलं काम वाचेल.

अळीचं डोकं लालसर आणि पिवळ्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतील तर मात्र ती वेगळी जात, आणि ती नव्या सुयाही सोडत नाही. तशी दिसली तर दिरंगाई नको.

प्रश्न : मी सातवीत आहे. मुळ्याच्या पानावरची काळी अळी मी बरणीत ठेवली होती. ती पानं खायची थांबली, दोन दिवस तळाशी फिरत राहिली आणि मेली. माझं काय चुकलं?
– विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : बाळा, तिला माती हवी होती. करवती माशीची ही अळी पानावर कोष करत नाही. पोट भरलं की खाली उतरते, मातीत शिरते आणि आतून रेशमाचं अस्तर असलेला मातीचा कोष बांधते. पुढच्या वेळी बरणीत चार बोटं ओलसर माती घाल, चिखल नको. तोंडाला जुनं सुती कापड बांध आणि रोज ताजं पान ठेव. अळी मातीत गेली की उकरून बघायचं नाही. मार्चच्या सुमारास मातीत गेलेली अळी कोषात उन्हाळाभर थांबू शकते, तेव्हा लवकर काही दिसलं नाही तर बरणी फेकू नकोस.

बाहेर केशरी माशीऐवजी बारीक कमरेची, लांब मिशांची दुसरीच माशी आली तर तीही जपून बघ. तिच्या आईने अंडं अळीच्या शरीरात घातलेलं असतं आणि त्यातलं पिल्लू अळीला आतून खाऊन मोठं होतं. शेतकऱ्याची ती मोठी मदतनीस आहे. आणि करवती माशीची एकटी मादी निघाली तर तिला मुळ्याचं कोवळं रोप दे. नराशिवायही ती अंडी घालते आणि अशा अंड्यांतून फक्त नर जन्मतात. अळी मातीत शिरल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख आणि ती नर की मादी एवढं वहीत लिही आणि मला पाठव. मादीच्या पोटाच्या टोकाशी खालच्या बाजूला ते दातेरी पातं ठेवायची खाच भिंगातून दिसेल.