पोरगं हरून आलंय, आता काय बोलू?

शालेय स्पर्धांचा सीझन सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. जूनमध्ये लोक विचारतात कुठला खेळ, कुठली अकॅडमी, शूज कुठले घेऊ, आणि जिल्हास्तर उरकला की तेच लोक विचारतात पोराचा माइंडसेट कसा सुधारायचा. माइंडसेट पोराचाच का, घरच्यांचा का नको, असं दरवेळी तोंडावर येतं, पण असो. यावेळी आलेल्यातले सहा प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा, 100 मीटर पळतो. गेल्या वर्षी तालुक्यात पहिला होता, यंदा तालुक्यातच पाचवा. टायमिंग सुधारायचं सोडून बिघडलंय. सर म्हणतात मन लागत नाही. तो म्हणतो गुडघा दुखतो, मला बहाणा वाटतो. मोटिव्हेशन कसं देऊ? (एक वडील, बारामती)

मोटिव्हेशनचं नंतर बघू, आधी त्याला दाराच्या चौकटीला उभा करा, बूट काढून, टाचा टेकवून, आणि पेन्सिलने उंचीची खूण करा. दर महिन्याच्या एक तारखेला परत. मुलं साधारण 14 च्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढतात, मुली 12 च्या आसपास, कोणाचं वर्ष-दोन वर्ष अलीकडे कोणाचं पलीकडे, आणि त्या काळात एका वर्षात आठ-दहा सेंटीमीटर उंची वाढू शकते. हाडं आधी लांब होतात, ताकद मागून येते. म्हणजे काल ज्या पायांची सवय होती ते पाय आज लांब झालेत, त्यामुळे स्टार्ट चुकतो, पावलं वेडीवाकडी पडतात, टायमिंग घसरतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोराचं लक्ष नाही.

गुडघ्याचं म्हणाल तर वाटीच्या खाली दोनेक बोटांवर हाडाचा उंचवटा असतो, तिथं अंगठ्याने दाबून बघा. तिथंच कळ येत असेल तर तो बहाणा नाहीये. मांडीचा मोठा स्नायू जिथं नडगीला येऊन चिकटतो तिथलं हाड या वयात अजून कच्चं असतं आणि रोजच्या उड्या-स्प्रिंटने ते दुखावतं, डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकांचं वाढ संपली की आपोआप थांबतं, पण तोपर्यंत उड्या आणि फुल स्पीडचं पळणं कमी करावं लागतं. लंगडत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्र ऑर्थोपेडिककडे न्याच, तेल चोळत बसू नका.

आता त्याच्या पुढे गेलेल्या चौघांचं. त्यातल्या किती जणांना मिसरूड फुटलंय ते बघा जरा. शालेय स्पर्धेत वय 31 डिसेंबरला मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात पळतो, आणि या वयात अकरा महिने म्हणजे लई झाले. कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात हेच दाखवलं, ज्युनियर आइस हॉकीच्या टीममध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चच्या पोरांचाच भरणा, कारण तिथं कटऑफ 1 जानेवारी. आपल्याकडे वर दाखल्यातल्या तारखांची गंमत आहेच, पोरांचं खरं वय कळावं म्हणून बीसीसीआयने मनगटाचे एक्स-रे काढायला उगाच नाही सुरुवात केली.

म्हणून सहा महिने स्टॉपवॉच कपाटात ठेवा. सरांना सांगा याच्याकडून स्टार्ट, एबीसी ड्रिल्स (पळण्याची ढब सुधारणारे छोटे व्यायाम), हातांची हालचाल घ्या, टायमिंग नको. आणि त्याला स्वतःला हे सगळं समजावून सांगा, 13 वर्षांच्या पोराला कळतं सगळं. गेल्या वर्षी पहिला आला तेव्हा घरात काय बोलणं झालं होतं ते आठवा. "याच्या पायातच स्पीड आहे, जन्मजात आहे" असं झालं असेल तर आज त्याला वाटणार की होतं ते गेलं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी 1998 मध्ये पाचवीच्या पोरांवर केलेला प्रयोग आहे, आधी सोपी कोडी दिली, मग काहींना म्हणाल्या तुम्ही हुशार आहात, काहींना म्हणाल्या तुम्ही मेहनत घेतलीत. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात आपटल्यावर हुशार म्हटलेली पोरं पुढच्या सोप्या कोड्यांतही ढेपाळली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपले मार्क वाढवून सांगितले. तुमचा मुलगा निदान खरं सांगतोय की दुखतंय. त्याला बहाणेबाज ठरवू नका.

एक मात्र आहे, हे वाचून आता "मेहनत कमी पडली" असं सुरू करू नका. जे पोरगं पहाटे साडेपाचला ग्राउंडवर असतं त्याला हे ऐकवणं म्हणजे अपमानच आहे.

प्रश्न : माझे मिस्टर स्वतः कबड्डी खेळलेले आहेत. मुलगी आठवीत आहे, रेडर आहे. मॅच संपली की गाडीवरच यांचं सुरू होतं, बोनस का नाही घेतलास, अँकल होल्ड होईपर्यंत काय करत होतीस. घरी येईपर्यंत ती रडायला लागते. परवा म्हणाली बाबा मॅचला येऊच नका. (एक आई, इचलकरंजी)

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, फक्त खेळाचं नाव बदलतं. आणि बहुतेक वेळा तो बाबा खेळ कळणाराच असतो, ज्याला काही कळत नाही तो बिचारा भजी घेऊन देतो आणि पोरगी खूश असते.

मॅच संपल्यावर पोरीचं अंग अजून मॅचमध्येच असतं. श्वास चढलेला, गुडघा खरचटलेला, मैत्रिणींसमोर आउट झाल्याची लाज. त्या अर्ध्या तासात सांगितलेलं टेक्निक डोक्यात शिरत नाही, शिरतो तो आवाज. मिस्टरांना एवढंच सांगा की ग्राउंड ते घर या रस्त्यात कबड्डी हा विषय बंद. भूक लागली का, लागलं का कुठे, वडापाव खायचा का, बास. ती स्वतः बोलायला लागली तर ऐकायचं, मधे तोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोला की, कोण नको म्हणतंय. पण पहिलं वाक्य तिचं असू दे. "काल काय जमलं आणि कुठं अडकलीस" एवढं विचारून गप्प बसायचं, आणि हे गप्प बसणं बाबा लोकांना अजिबात जमत नाही. मग आपलं एखादं वाक्य, पण डोळ्यांनी पाहिलेलं. "मस्त खेळलीस" याला काही अर्थ नाही, तिलाही माहितीये ती मस्त खेळली नाही. त्यापेक्षा असं काहीतरी, "तिसऱ्या रेडला तू घाबरून लॉबीकडे सरकली नाहीस, मधेच थांबून डाव्या कॉर्नरला पकडायला उभ्या असलेल्या मुलीचा पाय बघत होतीस, ते मला आवडलं." आउट झाली असेल त्याच रेडला, तरी चालेल. बापाने आपली गोष्ट बघितली हे तिला कळतं, आणि पुढच्या वेळी काय परत करायचं हेही कळतं.

मिस्टरांचं ज्ञान वाया घालवा असं मी म्हणत नाहीये. रविवारी सकाळी अंगणात तिच्याबरोबर घोट्याची पकड सोडवायची प्रॅक्टिस करू देत, तिने बोलावलं तर. फक्त सरांनी एक सांगितलंय आणि बाबा दुसरंच सांगतायत असं झालं तर लाइन ओलांडल्यावर पोरगी नेमकं कुणाचं ऐकणार?

प्रश्न : भाचा 14 वर्षांचा, तालमीत राहतो. वजन 52. वस्ताद म्हणतात स्पर्धेला 48 मध्ये उतरव, सोपं जाईल. आठवडा राहिलाय. पाणी बंद केलंय आणि दोन स्वेटर घालून पळवतायत. करू द्यावं का? (एक मामा, राधानगरी तालुका)

नको. आजच फोन करा.

आठवड्यात चार किलो म्हणजे चरबी जात नाही, जातं ते पाणी आणि स्नायूत साठवलेली ताकद. वजनकाट्यावर पोरगं 48 भरेल आणि मातीत उतरल्यावर दुसऱ्या मिनिटाला हात सुटतील. हे झालं बरं घडलं तर. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस साधारण महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले, प्लास्टिकचे सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करत, आणि त्यानंतर तिथले नियमच बदलले. ती विशीच्या आसपासची पोरं होती. तुमचा भाचा अजून उंच व्हायचाय.

विनेश फोगटचं पॅरिस ऑलिम्पिकचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, 2024, फायनलच्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि थेट बाद. डॉक्टर, डाएटिशियन, रात्रभराचे प्रयत्न, एवढं सगळं असून शरीराने ऐकलं नाही. आणि आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या ना. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनला फ्लायवेटला, म्हणजे 52 किलोत, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ जिंकलं ते बँटमवेटला, 57 किलोत. म्हणजे गट वर सरकला आणि मेडल आलं. हे वस्तादांना सांगा, खाशाबांचं नाव काढल्यावर कुठलाच वस्ताद तडकाफडकी नाही म्हणत नाही.

पण सांगायची पद्धत सांभाळा. पोरांसमोर अजिबात नाही. दुपारच्याला जा, तालीम शांत असते, थंडाई घोटणं चालू असतं तेव्हा शेजारी बसा आणि म्हणा की वस्ताद, यंदा 52 मध्येच उतरवूया, हरला तर हरला, जबाबदारी माझी. तेवढ्याने ऐकतील बहुतेक. नाही ऐकलं तर ही स्पर्धा सोडा, पण पाणी आजपासून सुरू. आणि खुराकाच्या नावाखाली कोणी डबल बॉडीच्या पावडरचा डबा दिला असेल तर तो परत करा, आत काय मिसळलंय कोणाला माहीत नसतं आणि डोपमध्ये सापडल्यावर डबा देणारा कधी पुढे येत नाही. दूध, अंडी, डाळ, भाकरी यावर 14 वर्षांचं पोरगं व्यवस्थित वाढतं.

प्रश्न : मी 16 वर्षांची, एअर पिस्तूल शूटर. प्रॅक्टिसला 560 च्या वर मारते, मॅचला 540 सुद्धा होत नाही. छाती धडधडते, हात थरथरतो. सगळे म्हणतात नर्व्हस होऊ नको. कसं नाही व्हायचं? (नाशिक)

व्हायचंच. नर्व्हस होऊ नको हा सल्ला देणाऱ्याने कधी फायरिंग पॉइंटवर उभं राहून बघावं. राधानगरीजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला फायनलच्या दिवशी सकाळी काही खाल्लंच नव्हतं, पोटात गोळा, फक्त ब्लॅक टी घेऊन गेला होता. त्याचा खेळ रायफलचा, त्यात गुडघ्यावर बसून मारायचा पहिला टप्पा, नीलिंग, संपला तेव्हा सहावा होता. शेवटी 451.4 आणि ब्राँझ. म्हणजे धडधड होती आणि मेडलही आलं.

तुझ्या कामाचं सांगते. 60 शॉट्सला 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, घाई कसलीच नाही. तरी मॅचला मुली काय करतात, हात थरथरायला लागला की "जाऊदे एकदाचा" म्हणून ट्रिगर ओढतात. तिथं पिस्तूल खाली घ्यायचं, टेबलवर टेकवायचं, हळू लांब श्वास सोडायचा आणि पहिल्यापासून सुरू. हे खाली घेणं प्रॅक्टिसला मुद्दाम कर, दहा शॉट्समध्ये दोनदा तरी, चांगला बसत असतानासुद्धा. प्रॅक्टिसला कधी केलेलंच नसेल तर मॅचला आठवणार नाही.

दुसरं, तुझा शॉट कुठल्या क्रमाने होतो ते वहीत लिही, पाय, पकड, श्वास, हात वर, फ्रंट साइटवर नजर, ट्रिगर, आणि नंतर क्षणभर तसंच थांबणं. मॅचमध्ये तेवढंच मनात म्हणायचं. स्क्रीनवर बेरीज बघत बसायची नाही, 8 लागला तर तो लागून गेला. आणि आठवड्यातून एकदा क्लबमधल्या पोरांना मागे उभं करून, बडबड करायला लावून, सायटिंगच्या, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायच्या, 15 मिनिटांपासून पूर्ण मॅच खेळ. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. धडधडीची सवय अशीच होते. 

अजून एक विचारते, मॅचच्या दिवशी वडील मोबाईलवर लाइव्ह स्कोअर बघत मागे बसतात का? बसत असतील तर त्यांना बाहेर चहा प्यायला पाठव, प्रेमाने.

प्रश्न : मुलगा 10 वर्षांचा. अकॅडमीवाले म्हणतात आत्ताच एक खेळ पक्का करा, रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, नाहीतर उशीर होईल. (पुणे)

फीला उशीर होईल, मुलाला नाही.

अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय की आठवड्याचे ट्रेनिंगचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले की अतिताणाच्या दुखापती वाढतात. 10 वर्षांच्या मुलाला आठवड्याला 10 तास, तुम्हाला सांगितलेत 18. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर सुरुवात करावी लागते हे खरं, बाकी बहुतेक खेळांत तसं काही नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे आर्मीत भरती झाल्यानंतर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळला आणि 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला केनियाच्या पोरांमध्ये घुसून सिल्व्हर घेऊन आला, 8 मिनिटं 11.20 सेकंद. तुमच्या मुलाला दोन-तीन खेळ खेळू द्या, पोहू द्या, सोसायटीत विटी-दांडू नाहीतर लंगडी काहीही खेळू द्या, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा.

प्रश्न : मुलगी दहावीला गेलीये, खो-खो राज्यस्तर खेळलेली आहे. वर्षभर खेळ बंद करू का? ग्रेस मार्क मिळतात म्हणे. (सोलापूर)

बंद नको, कमी करा. आठवड्यातून तीन संध्याकाळी, तासभर, बास. पूर्ण बंद केलेल्या मुली अकरावीत परत येत नाहीत, निम्म्या वेळा घरचेच येऊ देत नाहीत. आणि संध्याकाळी पळून आलेली पोरगी रात्री नीट झोपते, अभ्यासाला ते बरंच असतं. ग्रेस मार्कांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, तिथून बोर्डाकडे. सर्टिफिकेटवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळतेय का ते आत्ताच तपासा, फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि शेवटची तारीख क्रीडा शिक्षकांना दिवाळीआधीच विचारून ठेवा.