क्लासची फी भरली, पण लेकीला विचारलं का?

प्रश्न : मी 22 वर्षांपासून बांधकामाची कामं घेतो. मुलगी नांदेडला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.4. तिच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला एमपीएससीच्या क्लासची फी भरलीय, तिला अजून सांगितलं नाही. तिचं म्हणणं, सिमेंटमध्ये कार्बन मिसळला तर काय होतं यावर एम.टेक. करायचं. सुट्टीत घरी पत्र्याच्या डब्यात तुराट्या जाळून कोळसा केला, सिमेंटच्या पाच टक्के घातला, काळे ठोकळे पाडले. सात दिवसांनी टेस्टिंगला नेले तर साध्या ठोकळ्यांच्या आधीच फुटले. सिमेंट वाळलं की घट्ट होतं, त्यात दोन वर्षं शिकायचं काय? तिला पटेल असं काहीतरी लिहा.
— एक पालक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : भाऊ, मार्कांची मला काळजी नाही, 7.4 ला काही अडत नाही. मला खटकलं ते "तिला अजून सांगितलं नाही" हे. एकवीस-बावीस वर्षांचं लेकरू आहे, तिच्या पुढच्या तीन-चार वर्षांची पावती फाडून झाली आणि तिला पत्ताच नाही. तुम्ही साइटवर घरमालकाला न विचारता एक खिडकी तरी इकडची तिकडं करता का? आणि वर मला म्हणायलेत की तिला पटेल असं लिहा. नाही लिहिणार. तुमचं आधीच ठरलेलं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं हे मार्गदर्शन नाही, आणि तिला ते पहिल्या ओळीतच कळेल.

तुमची भीती मला कळते. ठेकेदारीत बिलं अडकतात, पावसाळ्यात काम बंद, मजूर उचल घेऊन निघून जातात, म्हणून लेकीला तरी एक तारखेला पगार मिळावा असं वाटणं अगदी बरोबर आहे. पण एमपीएससी ही दुसऱ्यानं ढकललं म्हणून निघणारी परीक्षा नाही, जागा थोड्या, वर्षं जातात, आणि मनात नसताना बसलेली पोरं माझ्यासमोर येतात तेव्हा त्यांना ना अभ्यास आवडत असतो ना घरी परत जायचं धाडस होत असतं. तिला स्वतःला द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण हे तिनं म्हणायला पाहिजे.

आता सिमेंट "वाळलं की घट्ट होतं" हे. 22 वर्षं काम करणाऱ्या माणसाच्या पत्रात हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तुमचे हात रोज याच्या उलट करतात. वाळूनच घट्ट होत असतं तर स्लॅबवर आळी करून पाणी कशाला साठवलं असतं, कॉलमला ओलं गोणपाट कशाला गुंडाळलं असतं? सिमेंट वाळत नाही, ते पाण्याशी रिअ‍ॅक्शन करतं. त्यातलं मुख्य खनिज ट्रायकॅल्शियम सिलिकेट, ते पाण्यात विरघळतं आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिकट जेल कणांभोवती वाढत जातो, तोच वाळू-खडीला धरून ठेवतो, ताकद त्याची. म्हणून तर गोणीवरचा 53 ग्रेड हा ताकदीचा आकडा 28 दिवसांचा असतो. पाणी मधेच उडालं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ते उडतंच, तर रिअ‍ॅक्शन तिथंच थांबते आणि ठोकळा कोरडा दिसतो, पण कच्चा राहतो.

कार्बन इथं शिरतो, आणि कार्बन म्हणजे काही एकच वस्तू नाही. ग्राफिन ऑक्साइड म्हणून कार्बनचाच एक पदार्थ आहे, त्याचे अतिपातळ पापुद्रे घातले तर जेलला धरून वाढायला जास्तीची जागा मिळते आणि पहिल्या दिवसांत रिअ‍ॅक्शन जोर धरते. किती घालायचं, तर सिमेंटच्या वजनाच्या 0.03 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 50 किलोच्या गोणीला 15 ग्रॅम. पण सिमेंटच्या पाण्यात चुना भरपूर, त्यात हे पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि मग तीच जागा कमजोर. कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, तेच दुखणं, नीट पसरल्या तर बारीक तडे बांधून धरतात, गोळा झाल्या तर उपयोग शून्य. आणि साखर, जिच्या रेणूत कार्बनच आहे, ती उलटं करते, चिमूटभर साखरेनंसुद्धा सिमेंट तासन्‌तास सेट होत नाही, तयार काँक्रीट नेणारा ट्रान्झिट मिक्सर रस्त्यात बंद पडला की ड्रममध्ये साखर टाकतात ते त्यासाठीच. एक पदार्थ घाई करतो, दुसरा अडवून धरतो, हे का होतं आणि किती घातलं की काम बिघडतं, हे शोधायला दोन वर्षं कमी पडतात भाऊ.

तिचे ठोकळे फुटले म्हणून प्रयोग फसला असं तुम्ही धरलंय. मला तर तिचं कौतुक वाटलं. तुराट्यांचा कोळसा सच्छिद्र असतो, कोरडाच घातला की कालवायचं पाणी तोच पितो, माल आखडतो, नीट दाबला जात नाही, आत पोकळ्या राहतात. वर पाच टक्के म्हणजे डोस भारी झाला. तोच कोळसा आधी भिजवून घातला तर प्यालेलं पाणी पुढं हळूहळू आतून सोडतो, वरून पाणी मारणं काही चुकत नाही पण आतल्या सिमेंटला आधार होतो. टँकरच्या पाण्यावर घरं बांधणाऱ्या मराठवाड्यात हे कुणीतरी नीट तपासायला पाहिजे. शिवाय जगभर माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंट बनवताना निघतो, त्यामुळं कमी सिमेंटमध्ये तेवढीच ताकद मिळवून देणाऱ्या माणसाला काम नाही मिळणार असं मला वाटत नाही. सिमेंट कंपन्या, अ‍ॅडमिक्श्चरवाले (काँक्रीटमध्ये घालायची रसायनं बनवणारे), रेडीमिक्स प्लँट, सगळीकडं क्वालिटी आणि मटेरियलची माणसं लागतात.

मार्ग सरळ आहे, गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा द्यावी, त्यात पात्र ठरून प्रवेश मिळाला की एम.टेक.ला महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, तुमच्यावर मोठा भार नाही.

आता एवढं करा. क्लासचं तिला आजच सांगा, तिच्या रागावर उत्तर देऊ नका, ऐकून घ्या. मग दिवाळीच्या सुट्टीत ठोकळे पुन्हा पाडा. कोळसा बारीक दळून चाळून रात्रभर भिजवायचा, त्यानं प्यालेलं पाणी वेगळं मोजायचं, शून्य, एक आणि दोन टक्के असे तीन माल, प्रत्येकाचे तीन ठोकळे सात दिवसांना आणि तीन 28 दिवसांना, एकूण 18. टेस्टिंगचे पैसे तुम्ही द्या आणि साच्यात माल तुम्ही भरा, ठोकळा दाबण्यात तुमचा हात बसलेला आहे, ते काम कच्चं राहिलं तर कोळसा कितीही चांगला असला तरी ठोकळा आधीच फुटणार आणि तुम्हा दोघांनाही चुकीचा आकडा हातात येणार.