मध ‘कमी दर्जाचा’ ठरला? आधी लिफाफ्यावरची तारीख शोधा

दोन पाने भरून तुम्ही सगळे लिहिलेत. सात मधपेट्या, ओळखीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरून विकलेल्या बाटल्या, अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नेलेला नमुना आणि ‘पाण्याचे प्रमाण २२.४ टक्के, नमुना कमी दर्जाचा’ असा आलेला अहवाल. छंद म्हणून करतो, तरी दंड होईल का, हा तुमचा प्रश्न. ज्यावर सगळे अवलंबून आहे ती गोष्ट मात्र पत्रात नाही: अहवाल तुमच्या हाती कोणत्या दिवशी पडला? ‘दोनतीन आठवडे झाले असतील, सुनावणीला बोलावतील तेव्हा समजावून सांगेन’ एवढेच लिहिले आहे. असे लिहिणारे तुम्ही पहिले नाही, आणि दर वेळी वाचताना जीव तुटतो. सुनावणीत समजावून सांगण्यासारखे फारसे उरतच नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४६(४) खाली अन्न विश्लेषकाच्या, म्हणजे नमुना तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाच्या, अहवालाविरुद्ध पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरिष्ठाकडे) अपील करता येते. २०११ च्या नियमांनुसार ते फॉर्म आठमध्ये, अहवालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत दाखल व्हायला हवे. मुदत मोजायची ती प्रत हाती आल्यापासून. नमुना कधी नेला किंवा सुनावणीची नोटीस कधी आली, याचा तिच्याशी संबंध नाही. ती टळली की २२.४ हा आकडा व्यवहारात पक्का होतो आणि पुढे वाद राहतो तो फक्त दंड किती याचा. उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका. लिफाफा टाकून दिला नसेल तर त्यावर स्पीडपोस्टचा क्रमांक असेल, त्यावरून पोहोचल्याची तारीख काढता येते. टाकून दिला असेल तर घरात सही करून तो कोणी घेतला ते विचारा.

अपील केले की नमुना आपोआप रेफरल प्रयोगशाळेत, म्हणजे फेरतपासणीच्या वरच्या प्रयोगशाळेत जातो, असेही समजू नका. अधिकाऱ्याला तसे वाटले तरच तो पाठवतो. म्हणून ‘माझा मध शुद्ध आहे’ हे वाक्य चालणार नाही, कारणे लागतील. मधाची मर्यादा २० टक्के पाण्याची आहे आणि मध हवेतला ओलावा ओढतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. नमुना कोणत्या भांड्यातून घेतला? नमुन्याच्या बाटल्या कोरड्या होत्या का, झाकणे घट्ट बसत होती का? पावसाळी हवेत पिंप किती वेळ उघडे होते? मध आधी ढवळला, की वरचा पातळ थरच काढला? मधातले पाणी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाचे वाचन तापमानाप्रमाणे बदलते, तेव्हा अहवालात त्या दुरुस्तीची नोंद आहे का? काढणीची वही ठेवली असेल, म्हणजे कोणत्या दिवशी किती चौकटी काढल्या आणि त्यावरची घरे मेणाने किती बंद झाली होती, तर ती अपिलाला जोडा. वही नसेल तर आता बसून मागच्या तारखांची वही तयार करू नका. तसे केलेले उघडे पडले की खरे बोललेल्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एका बाबतीत मला तुमचा राग आला, तो लपवत नाही. कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा, तुम्ही मागितलात तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. दोन अहवालांत फरक आला असता तर राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत पाठवणे अधिकाऱ्याला भागच पडले असते. तुम्ही खर्च वाचवायला ‘नको’ म्हणून सही केलीत. तो हक्क त्याच दिवशी सुटला. आता उरला आहे तो अधिकाऱ्याच्या मर्जीवरचा रस्ता.

अपील भरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर मला खरे सांगा. पावसाळ्यात फुलोरा नसताना पेट्यांना साखरेचा पाक दिला होता का? बहुतेक मधपाळ देतात, त्यात गैर काही नाही. पण पाकाने भरलेल्या चौकटी बाजूला न काढता नंतर त्यांचाही मध काढला असेल, तर बाटलीत उसाची साखर असण्याची शक्यता आहे. ऊस सी-४ गटातली, म्हणजे फुलांच्या बहुतेक झाडांपेक्षा वेगळ्या पद्धतीने अन्न बनवणारी वनस्पती असल्यामुळे तिच्या साखरेची खूण चाचणीत दिसते. रेफरल प्रयोगशाळा फक्त पाणीच मोजेल असे गृहीत धरू नका, आणि तिचा निकाल अंतिम असतो. आज ओलाव्याचा प्रश्न आहे, उद्या भेसळीचा होईल. अशी शंका असेल तर अपील न करणेच शहाणपणाचे.

‘छंद आहे’ हा बचाव मला लंगडा वाटतो, कारण कायद्याच्या व्याख्येत नफा असो वा नसो, तो अन्नव्यवसायच. शेतकऱ्याला शेतावरच्या उत्पादनासाठी कलम १८ मध्ये सूट आहे आणि तुमच्या बाबतीत ती मांडून पाहता येईल, पण बाटली, लेबल आणि विक्री आल्यावर ती कितपत टिकेल हे मी छातीठोक सांगणार नाही. नोंदणी मात्र लगेच करा. २०११ च्या विनियमांत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला परवाना नव्हे, साधी नोंदणी ठेवली होती, आणि फीसुद्धा वर्षाला शंभर रुपये. एवढ्यासाठी तीन वर्षे का थांबलात, हे मला खरोखर कळले नाही. लेबलावरचे ‘मधुमेहींना सुरक्षित’ आजच बंद करा. तो वेगळाच खटला होऊ शकतो.

अहवाल यायला चार महिने लागले, हा तुमचा मुद्दा खरा आहे. कायदा विश्लेषकाला १४ दिवस देतो, आणि नागरिकाचे ३० दिवस काटेकोर मोजणाऱ्या व्यवस्थेने स्वतःचे १४ दिवस असे वाऱ्यावर सोडावेत याची मला चीड येते. हा मुद्दा अपिलात नक्की घाला. पण तेवढ्यावर प्रकरण तरेल असे मी म्हणणार नाही.

दंडाची मर्यादा कलम ५१ खाली पाच लाखांची आहे. ती वाचून झोप उडवू नका. कलम ४९ प्रमाणे किती फायदा झाला, कोणाचे नुकसान झाले का, चूक पुन्हापुन्हा केली का, हे पाहूनच रक्कम ठरते. लहान उत्पादकाला कलम ६९ खाली तडजोडीची रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची विनंतीही करता येते. ती मान्य होईलच असे नाही, पण विचारायला हवी.

त्या काढणीच्या उरलेल्या बाटल्या विकू नका, आणि ओलावा उडवायला तापवूही नका. तापवल्याने एचएमएफ (साखर तापल्यावर तयार होणारे रसायन) वाढते आणि तो नमुन्यातला मध राहत नाही. बाटल्या सीलबंद ठेवा. तारीख आज रात्रीपर्यंत कळवा. पाकाची शंका नसेल आणि २५ वा दिवस उलटला असेल तर माझ्या उत्तराची किंवा दुसऱ्या वकिलाची वाट पाहू नका. फॉर्म आठ स्वतः भरा, वरची कारणे आपल्या शब्दांत लिहा, उद्या कार्यालय उघडताच द्या आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.