सा ग प नि सां : मालिकेतून परत आलेला सिंथ

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही नेटफ्लिक्सवरची मालिका जुलै २०१६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं एक काल्पनिक गाव, १९८३ पासूनची वर्षं, सायकलवरून हिंडणारी पोरं आणि या सगळ्यामागे घुमणारा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य. या संगीताबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. ही मालिका पाहिल्यापासून टँजरीन ड्रीम हा सिंथ वाजवणारा जर्मन गट, ब्रिटिश गायिका केट बुश ही नावं त्याच्या तोंडी आहेत. १९८५ साली मी सहावीत होते, तेव्हा यातलं काहीच आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एका मालिकेमुळे इतकं जुनं संगीत खरंच वर येतं, की ही चार दिवसांची हवा? — एक वाचक, नाशिक

येतं, आणि आकड्यांत दिसतं. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ ऑगस्ट १९८५ मध्ये आलं तेव्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. मालिकेचा चौथा सीझन २७ मे २०२२ ला आला आणि १७ जूनच्या यादीत तेच गाणं पहिलं आलं, तब्बल ३७ वर्षांनी. त्यासाठी यादी करणाऱ्यांना नियमात सवलत द्यावी लागली. तिथे पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री धरतात, पण जुन्या गाण्यांना त्याच एका विक्रीसाठी २०० लागतात. एवढी मागणी पाहून या गाण्याचा हिशेब नव्या गाण्यासारखा लावला गेला.

गाणं पार्श्वभूमीला नुसतं वाजून गेलं असतं तर हे घडलं नसतं. मॅक्स नावाच्या मुलीच्या वॉकमनमध्ये ते आहे आणि तिचा जीव त्या गाण्यामुळे वाचतो. म्हणजे गाणं कथेतलं पात्रच झालं. दुसरी गोष्ट परवानगीची. मालिकेत गाणं घ्यायचं तर दोन हक्क लागतात, एक रचनेचा आणि एक मूळ ध्वनिमुद्रणाचा. संगीत निवडणाऱ्या नोरा फेल्डर यांनी गाणं कुठल्या प्रसंगात आणि कसं येणार ते सविस्तर कळवलं. केट बुशना मालिका मुळात आवडत होती, त्यांनी होकार दिला. हे दोन हक्क चार ठिकाणी विखुरलेले असले की चांगली चांगली गाणी पडद्यापर्यंत पोचतच नाहीत.

‘हवा’ म्हणाल तर एखाद्या गाण्याची लाट ओसरतेच. पण या मालिकेचं स्वतःचं संगीत नव्यानं रचलेलं आहे. ते केलं काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांनी. टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या ‘सर्व्हाइव्ह’ या चौघांच्या गटातले हे दोघं. २०१७ मध्ये शीर्षकसंगीतासाठी त्यांना टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. मालिका सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ते जुन्या सिंथवर काम करत होते, मालिकेनं त्यांच्यासमोर श्रोते आणून बसवले. मुलाला हेही सांगा, कारण हा आवाज मधल्या काळात संपला होता हा समज चुकीचा आहे.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. या मालिकेचं शीर्षकसंगीत बसवलं, स्वर बरोबर येतात, पण माझ्या अरेंजर कीबोर्डवर तो टोन काही केल्या सापडत नाही. लॅपटॉपवर काढता येईल का? — एक वाचक, कोल्हापूर

येईल, फुकटात येईल. तयार टोन शोधत बसू नका, तो बनवावा लागतो. लॅपटॉपवर चालणारा सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ आणि तो चालवायला वेव्हफॉर्म फ्री हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर एवढं पुरे.

आधी स्वर नीट लिहा. पांढरी एकचा षड्ज धरला तर सा ग प नि सां नि प ग, आठ स्वरांचं आवर्तन. सुरुवात मधल्या षड्जाच्या एक सप्तक खालून करा. लय ८४ ठेवा आणि एका ठोक्यात चार स्वर बसवा. म्हणजे आवर्तन दोन ठोक्यांत, दीड सेकंदाच्या जरा आत पुरं होतं. पुष्कळांची गाडी इथेच अडते. कीबोर्डचा अर्पेजिएटर, म्हणजे दाबलेले स्वर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय, ‘अप-डाउन’वर टाकून पाच स्वर दाबले, तर काही मॉडेल टोकाचे स्वर दोनदा वाजवतात : सा ग प नि सां सां नि प ग सा. हे दहा झाले. दोन स्वर जास्त पडल्यामुळे दर फेरीला सम पुढे सरकते आणि काहीतरी चुकतंय एवढंच जाणवतं. म्हणून अर्पेजिएटर बंद ठेवून आठही स्वर पिआनो रोलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्वर मांडायच्या चौकटीत, हातानं मांडा. सगळ्यांचा जोर सारखा ठेवा, समजा १००. डिक्सन-स्टाइन वापरतात त्या सिंथांपैकी एक १९७८ सालचा प्रॉफेट-५. त्याच्या मूळ मॉडेलच्या पट्ट्या बोटांचा जोर ओळखतच नाहीत. मृदू आणि जोरकस असा भेद केलात की आवाज लगेच आजचा वाटू लागतो.

आता टोन. दोन ऑसिलेटर (मूळ नाद निर्माण करणारे भाग), दोन्हींवर सॉ वेव्ह, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लाट. दुसरा ७ सेंट वर सरकवा; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. खालच्या सा ला, म्हणजे सुमारे १३१ हर्ट्झला, या फरकामुळे साधारण दोन सेकंदांत एक हेलकावा येतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी किंचित सरकल्या की जो येतो, तसाच. १५ सेंटच्या पुढे गेलात तर हेलकावा जाऊन बेसूरपणा येतो. सर्जमध्ये ऑसिलेटरला ड्रिफ्ट आहे, तोही थोडासा द्या. जुन्या मशीनमध्ये गरम होता होता सूर हलायचा, त्याची ही नक्कल आहे.

फिल्टर लो-पास, म्हणजे वरचे स्वरांश कापणारा, २४ डीबीचा. रेझोनन्स, म्हणजे कापण्याच्या जागेजवळचा उठाव, २० ते २५ टक्के. कटऑफ, म्हणजे जिथून कापणं सुरू होतं ती जागा, २५० हर्ट्झला बंद करून सुरू करा आणि चार-चार ठोक्यांच्या १६ बारमध्ये हळूहळू २००० पर्यंत उघडत न्या. या संगीताचा जीव इथे आहे. आठ स्वर तेच राहतात, बदलतो तो त्यांचा उजेड. तुमच्या कीबोर्डवर टोन ‘सापडत’ नाही तो याच कारणानं. तिथे तो एका जागी गोठलेला असतो. शक्य असेल तर कटऑफ माऊसनं रेघ ओढून वाढवू नका, मिडी कंट्रोलरच्या नॉबवर घ्या आणि हातानं फिरवत रेकॉर्ड करा. हाताची चाल कधी थांबते, कधी घाई करते. ते ऐकू येतं.

एन्व्हलप, म्हणजे स्वर कसा उठतो आणि विरतो ते : अटॅक (उठणं) २ मिलिसेकंद, डिके (उतरणं) ३००, सस्टेन (टिकणारी पातळी) २० टक्के, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरणं) १२०. या लयीत एक स्वर १७९ मिलिसेकंद टिकतो. रिलीज त्याच्या पुढे नेलात की मागचा स्वर पुढच्यावर चढतो आणि सगळा चिखल होतो. रिव्हर्बचंही तेच. डिले हवा असेल तर ५३६ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर तीन स्वरांचं अंतर, आणि मूळ आवाजाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको.

खाली सा धरून एक बास द्या, पण तो मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना सारखा, ठेवा आणि आठ स्वरांच्या ट्रॅकवर १२० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर मंडपातल्या सबवूफरवर दोन्ही एकमेकांना खातील. मोबाइलवर बास गायबच होतो, कारण एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. बासवर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाची किंचित विकृती, दिलं की वरचे स्वरांश तयार होतात आणि कान खालचा सा स्वतः भरून घेतो.

वाजवताना पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज सोडण्याआधी किती नमुने (सॅम्पल) साठवतो ते बघा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे जवळजवळ १२ मिलिसेकंद, १२८ म्हणजे ३. विंडोजवर विलंब कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर घातल्याशिवाय १२८ वर तडतड होते.

प्रश्न : ‘रनिंग अप दॅट हिल’च्या सुरुवातीला चेलो आहे की माणसाचा आवाज? — एक वाचक, पुणे

दोन्ही नाही. तो फेअरलाइट सीएमआय आहे. सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी बनवलेलं हे मशीन १९७९ मध्ये बाजारात आलं. खरा आवाज ध्वनिमुद्रित करून तो पट्ट्यांवर वाजवायची सोय त्यात होती. गाण्यातला तो आवाज फेअरलाइटबरोबर येणाऱ्या संग्रहातल्या चेलोच्या नमुन्यावरून केलेला आहे. ताल लिनड्रम या ताल वाजवणाऱ्या मशीनचा, तो केट बुश यांचे बासवादक डेल पामर यांनी बसवला.

चेलो असून चेलो का वाटत नाही? फेअरलाइट ८-बिट आणि एका स्वराला स्मृती फक्त १६ किलोबाइट. सेकंदाला ३२,००० नमुने घेतले तर यात जेमतेम अर्धा सेकंद मावतो. मग तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून लांबवायचा आणि दुसऱ्या स्वरासाठी वेग बदलून वाजवायचा. गज तारेवर टेकतानाची खरखर अशी अर्धवट पुसली जाते आणि हुंकारासारखं काहीतरी उरतं.

घरी करून बघायचं तर चेलोचा एकच स्वर अर्धा सेकंद घ्या, बिटक्रशर या आवाज खडबडीत करणाऱ्या प्लगइननं ८ बिटवर आणा आणि लूप लावा. लूपच्या सांध्यावर टक् असा आवाज आला तर दोन्ही टोकं लाट शून्यावर असतानाच कापा. मग त्याच एका स्वरावरून वरखाली पाच-सहा स्वर वाजवा. आजचे सॅम्पलर दर स्वराला वेगळं ध्वनिमुद्रण देतात, ते इथे कटाक्षानं टाळायचं.

प्रश्न : जपानहून जुना रोलँड ज्यूनो-१०६ सिंथ मागवतोय. काय तपासू? — एक वाचक, डोंबिवली

सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनवलेलं मॉडेल १०० व्होल्टचं असतं. थेट २३० वर लावलंत तर फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. २३० वरून १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ११० चा ‘चालतो’ असं दुकानदार सांगतील, पण आतले रेग्युलेटर विनाकारण तापतात. १०० व्हीएचा पुरेसा आहे.

हे मॉडेल १९८४ चं, सहा स्वर एका वेळी. त्यात ८००१७ए नावाच्या सहा चिप असतात, एका स्वराला एक. त्यांच्यावरचं काळं आवरण वर्षं गेली की वीज झिरपू देतं आणि चिप बिघडते. लक्षण ठरलेलं : एकच पट्टी दाबत राहिलात तर दर सहाव्या वेळी खरखर, नाहीतर आवाजच नाही. विकणाऱ्याला ‘की ट्रान्सपोज’ हे बटण दाबून ठेवून मशीन चालू करायला सांगा. चाचणीच्या या अवस्थेत पट्टी दाबली की सहापैकी कुठली चिप वाजतेय तिचा आकडा पडद्यावर दिसतो. सहाही आकडे ऐकवणारा व्हिडिओ मागवा, दुसऱ्या कुठल्याही व्हिडिओवर भरवसा नको.

चिप काढून ती ॲसिटोनमध्ये दिवस-दोन दिवस भिजवून आवरण सोलतात, बऱ्याच जगतातही. पण सर्किट बोर्डाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे मार्ग आहेत. सोल्डर पुरता ओढला नाही आणि चिप उपसली तर खालचा तांब्याचा मार्गच उखडून येतो. हात बसलेला नसेल तर नव्यानं बनणाऱ्या पर्यायी चिप घ्या आणि काम जाणकाराकडून करून घ्या. नंतर फिल्टरचं कॅलिब्रेशन लागतंच.

आत ३ व्होल्टची बॅटरी आहे. ती काढली की साठवलेले टोन जातात. आधी मागच्या टेप जॅकमधून ते लॅपटॉपवर उतरवा, वेव्ह फाइलमध्येच. एमपी३ केलंत तर मशीनला ते परत वाचता येतीलच असं नाही.

पावसाळ्यात झाकायला प्लॅस्टिक नको, आत दमट कोंडतं आणि स्लायडर गंजतात. सुती चादर आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आठवड्यातून तासभर चालू करा.

प्रश्न : या मालिकेच्या संगीताचं कव्हर आम्ही यूट्यूबवर टाकलं, त्यावर कॉपीराइटचा क्लेम आला. वाजवलं तर आम्हीच होतं! — एक वाचक, रत्नागिरी

ध्वनिमुद्रण तुमचं, रचना त्यांची. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच की जाहिरातीचे पैसे रचनेच्या मालकाकडे जातील. त्यावर वाद घालू नका. मालिकेची दृश्यं मात्र जोडू नका, त्यासाठी व्हिडिओच उडू शकतो.

प्रश्न : मालिका संपवली. आता मुळाकडे जायचंय, कुठून सुरू करू? आणि आपल्याकडे त्या काळात असं काही झालं का? — एक वाचक, ठाणे

टँजरीन ड्रीमचा ‘एक्झिट’ (१९८१) मालिकेच्या पहिल्याच सीझनमध्ये ऐकलाय, तिथून मागे ‘फेड्रा’वर (१९७४) जा. ‘फेड्रा’त मूग कंपनीच्या सिंथचा सूर वाजता वाजता सरकतो, तोही ठेवून दिलाय. तो सरकलेला सूर ऐकला की वर सांगितलेला ड्रिफ्ट कशासाठी ते कळेल. मग फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जारचा ‘ऑक्सिजेन’ (१९७६).

आणि हो, मुंबईत झालं. हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. ज्यूपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हा बास सिंथ आणि टीआर-८०८ हे तालाचं यंत्र, रोलँडच्या या तीन मशीनवर भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग. त्या वेळी तिची कुणी फारशी दखल घेतली नाही. शिकागोत ३०३ वरचं ॲसिड हाऊस हे नृत्यसंगीत तबकडीवर आलं ते १९८७ मध्ये. एका डच संग्राहकाला ही तबकडी सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तीही कुठल्याही मालिकेच्या मदतीशिवाय. ३०३ मध्ये स्लाइड आहे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय. सिंग तिचा वापर मींडेसारखा करतात. हेडफोन लावून ‘ललित’ ऐका आणि दोन्ही मध्यमांच्या जागी ती घसरण कशी येते ते बघा.